चुकला की सुटला? मेल फिल्टर दुरुस्तीच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

सकाळी दहाला संपादक मॅडमचा फोन. "अहो, तुमचा तो फिल्टर मधेच डुलकी काढतो का हो?" त्यांच्या इनबॉक्सात तीन नको ते मेल होते. एक औषधांचा, एक 'तुमचं पार्सल अडकलं आहे' म्हणणारा आणि एकाला पीडीएफ बिल जोडलेलं. त्या बिलाशी आपला काडीचा संबंध नाही. गंमत अशी की पार्सलवाला मेल शुक्रवारी वितरणातल्या काकांनाही आला होता, आणि त्यांच्याकडे तो बरोबर 'कचरा' फोल्डरात गेला. मजकूर तोच, पाठवणारा तोच. एकाकडे पकडला, एकीकडे सोडला.

मांडणी लिहून ठेवतो, सहा महिन्यांनी मीच विसरेन. भाड्याचा एक सर्व्हर, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), मेमरी २ जीबी. पोस्टफिक्स बाहेरून मेल घेतो आणि मास्टर डॉट सीएफ या त्याच्या सेटिंगच्या फाइलीतल्या कंटेंट फिल्टरच्या ओळीप्रमाणे स्पॅमसीच्या हातात देतो. स्पॅमसी हा नुसता निरोप्या. तो मेल स्पॅमडीपुढे ठेवतो, म्हणजे स्पॅमअसॅसिनचा जो भाग सतत चालू असतो त्याच्यापुढे. तिथे नियमांनुसार गुण पडतात, हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या डोक्यावरच्या एरवी न दिसणाऱ्या ओळींत, शिक्का बसतो आणि मेल सेंडमेलच्या दाराने, म्हणजे सर्व्हरच्या आतूनच, परत पोस्टफिक्सकडे येतो. ५ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे स्पॅम. सर्वांत शेवटी मेलबॉक्स सांभाळणाऱ्या डव्हकॉटमधला सीव्हचा, म्हणजे मेल फोल्डरांत वाटण्याचा, नियम शिक्का बघून मेल 'कचरा'त टाकतो. मेलबॉक्स १४. प्रकाशनाचं ऑफिस, आणि दिवाळी अंकाचा हंगाम डोक्यावर.

आज केलं ते: मर्यादा ५ वरून ४.५ वर आणली. पाच मिनिटांचं काम, चहा थंड व्हायच्या आत झालं.

६ ऑगस्ट, मंगळवार

चहा थंड व्हायच्या आत झालेलं काम होतं तसंच निघालं. सोलापूरच्या एका कवीचा मेल कचऱ्यात गेला. सगळा मजकूर एका चित्रात, विषयाच्या ओळीत पाच उद्गारचिन्हं, ४.७ गुण. कविता कशी होती हे मला विचारू नका. मर्यादा परत ५.

मग जे काल करायला हवं होतं ते केलं. मॅडमनी ते तीन मेल मला फॉरवर्ड केले होते, आणि फॉरवर्ड केलेल्या मेलचा तपासाला काही उपयोग नसतो, कारण मूळ हेडर त्यात येतच नाहीत. त्यांच्या मेलबॉक्सातल्या फाइली थेट सर्व्हरवर उघडल्या.

औषधांचा मेल: एक्स-स्पॅम-स्टेटसची ओळ आहे, गुण ३.९. म्हणजे तपासला, पण कमी गुण पडले. पार्सलचा मेल: शिक्क्याची ओळच नाही. बिलाचा मेल: तीच गत.

इथे थांबून नीट लिहितो, कारण सगळा घोळ या जागी आहे. स्पॅमअसॅसिन आपल्या आवृत्तीची ओळ प्रत्येक मेलवर लावतो, स्पॅम असो वा साधा. शिक्का हा फक्त गुन्हेगारांच्या कपाळावर नसतो. त्यामुळे ती ओळ नसलेला मेल फिल्टरने 'चांगला' ठरवलेला नसतो, तो फिल्टरने पाहिलेलाच नसतो. यापुढे या वहीत दोन शब्द वापरणार. तपासून कमी गुण मिळाले तर मेल चुकला. न तपासता गेला तर सुटला. चुकलेल्यांवर उपाय म्हणजे नियम, गुण, शिकवणी. सुटलेल्यांवर त्यातला एकही चालत नाही. काल मी सुटलेल्या मेलसाठी गुणांची मर्यादा बदलत बसलो होतो. हजेरीलाच न आलेल्या मुलाचे मार्क वाढवण्यातला प्रकार.

७ ऑगस्ट, बुधवार

मोजणी. सगळ्या मेलबॉक्सातल्या २९ जुलै ते ४ ऑगस्टच्या फाइलींवर एक छोटी स्क्रिप्ट फिरवली: आवृत्तीची ओळ आहे की नाही, आकार किती, आला कधी. कचऱ्याचं फोल्डरही धरलं.

एकूण १,८४६. त्यांत बिनशिक्क्याचे १३१. शंभरात सात. मला वाटलं होतं पाच-दहा असतील. इतके दिवस कुणी बोललं नाही, कारण सुटलेल्यांतले बहुतेक मेल चांगलेच होते. फिल्टरने न तपासता सोडलेला चांगला मेल कुणाच्याही डोळ्यांवर येत नाही.

आकाराप्रमाणे लावले तर पहिलाच ढीग स्वच्छ वेगळा पडला. ६८ मेल ५,१२,००० बाइटांपेक्षा मोठे, आणि त्या रेषेच्या वर शिक्का असलेला मेल एकही नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

५,१२,००० हा आकडा आकाशातून पडलेला नाही. ५०० गुणिले १०२४. वेगळं काही सांगितलं नाही तर स्पॅमसी ५०० केबीहून मोठा मेल स्पॅमडीकडे नेतच नाही. जसा आला तसा पुढे ढकलतो, आणि बाहेर पडताना 'सगळं ठीक' असा निरोप देतो. ही मर्यादा असण्यामागे कारण आहे. स्पॅमअसॅसिन पर्ल या संगणकी भाषेत लिहिलेला आहे, शेकडो नमुने मजकुरावर एकेक करून लावून बघतो, आणि मेल जितका लांब तितका वेळ आणि मेमरी जास्त. शिवाय स्पॅम पाठवणाऱ्याला लाखो मेल पाठवायचे असतात, म्हणून तो मेल लहान ठेवतो, हा जुना अनुभव. प्रॉकमेल या मेल वाटणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या जमान्यातल्या नमुना नियमांत तर २,५६,००० बाइटांचीच वेस असायची.

पण आपल्या ऑफिसात हे गणित फसतं. मेलला जोडलेली फाइल बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, जाते. दर ५७ बाइटांची ७६ अक्षरांची ओळ होते, वर ओळ संपल्याची खूण. म्हणजे फाइल एक तृतीयांशाहून जास्त फुगते. उलटा हिशेब केला तर सुमारे ३७० केबीची फाइल जोडली की मेल ५०० केबीची वेस ओलांडतो. आपल्याकडे लेखक हस्तलिखिताचे फोटो पाठवतात, जाहिरातदार आर्टवर्क पाठवतात. ३७० केबीखालची फाइल हाच अपवाद. मॅडमना आलेलं बिलाचं पीडीएफ ४१० केबीचं होतं. ते मुद्दाम फुगवलेलं होतं की सहज झालं, सांगता येत नाही. आत एका पानावर एक चित्र, एवढंच.

मर्यादा वाढवावी तर किती? पोस्टफिक्स मुळात सुमारे १० एमबीपर्यंतचा मेल घेतो. आपण आर्टवर्कसाठी तो आकडा २५ केलेला आहे. २५ एमबीचा मेल स्पॅमडीच्या गळ्यात घालणं म्हणजे २ जीबीच्या सर्व्हरला फाशी. त्या ६८ मेलांपैकी ५१ हे ३ एमबीच्या आतले होते. ३ एमबी ठरवलं. उरलेल्या महाकाय मेलांचं काय करायचं ते नंतर.

९ ऑगस्ट, शुक्रवार

१३१ वजा ६८, उरले ६३.

त्यांतले ९ सर्व्हरनेच स्वतःला लिहिलेले: बॅकअप झाला, डिस्क भरत आली वगैरे. हे सेंडमेलच्या दाराने आत येतात. कंटेंट फिल्टरची ओळ मी फक्त बाहेरून येणाऱ्या दारावर, २५ नंबरच्या पोर्टावर लावलेली आहे. हे बरोबरच आहे. तसं नसतं तर तपासून परत आलेला मेल पुन्हा तपासणीला गेला असता, परत आला असता, आणि घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिला असता. नऊ जणांवर काट.

१७ मेल एकट्या काकांचे. डोकं खाजवलं, मग आठवलं. काकांचा पंधरा वर्षं जुना एक पत्ता अजून चालू आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतले विक्रेते अजून त्यावरच ऑर्डर पाठवतात. तिथले मेल फेचमेल दर दहा मिनिटांनी उचलून आणतो. फेचमेल मुळात आणलेला मेल २५ नंबरच्या दारातच आणून देतो, पण त्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती जी मेल थेट डव्हकॉटच्या हातात द्यायची. मागच्या दाराने, पोस्टफिक्सला न विचारता. ती ओळ मीच तीन वर्षांपूर्वी घातली होती, तेव्हा पोस्टफिक्स काही मेल नाकारत होता म्हणून. ओळ काढली. नकाराचं जे कारण होतं ते दुसऱ्या रीतीने सोडवलं: स्वतःच्या मशीनवरून आलेला मेल दारात अडवायचा नाही, आत घ्यायचा आणि गुण द्यायचे. एकदा दुसऱ्या सर्व्हरने स्वीकारलेला मेल आपण दारातून परत फिरवला तर पाठवणारा म्हणून ज्याचा पत्ता खोटाच लावलेला असतो त्या बिचाऱ्यावर तो जाऊन आदळतो.

काकांना सांगितलं. "म्हणजे इतके दिवस माझ्या जुन्या पत्त्यावर पहाराच नव्हता?" नव्हता. "तरीच," म्हणाले, आणि पुन्हा चलनांत डोकं घातलं.

उरले ३७. हे लहान आहेत, समोरच्या दाराने आलेले आहेत, आणि तरी सुटले आहेत. मॅडमचा पार्सलवाला मेल यांतलाच.

१२ ऑगस्ट, सोमवार

३७ मेल वेळेप्रमाणे मांडले. ३४ फक्त दोन दिवसांत: बुधवार ३१ जुलै आणि शुक्रवार २ ऑगस्ट, दोन्ही दिवशी ११ ते ११:२०. उरलेले ३ भलत्या वेळी, विखुरलेले.

बुधवारी आणि शुक्रवारी अकराला काय होतं? हिशेबातल्या ताई वर्गणीदारांना नूतनीकरणाचे आणि दिवाळी अंकाच्या सवलतीचे मेल सोडतात. जाणारे मेल वेगळ्या दाराने जातात, त्यांचा प्रश्न नाही. पण पाठोपाठ उत्तरं येतात: 'मी सुट्टीवर आहे', 'हा पत्ता बंद आहे', 'मेलबॉक्स भरला आहे'. दोन-तीन मिनिटांत लोंढा. आणि लोंढ्यात जो कुणी असेल तो, चांगला-वाईट, त्याच्याबरोबर वाहून आत.

लोंढ्याने फिल्टर गुदमरतो असा अंदाज. बुधवारी समोर बसून बघणार.

१४ ऑगस्ट, बुधवार

१०:५५ पासून स्पॅमडीचा लॉग पडद्यावर सोडून बसलो. स्पॅमडी आपल्या हाताखालच्या पोरांची अवस्था एकेका अक्षराने लिहितो: आय म्हणजे रिकामा, बी म्हणजे कामात. ११:०२ ला 'बीबीआय', ११:०३ ला 'बीबीबीबीबी', आणि खाली सूचना की पोरांची कमाल संख्या गाठली आहे, वाढवण्याचा विचार करा. ही संख्या मुळात ५ असते. आपण कधी हात लावलेला नाही.

पण पाच पोरं कामात असणं हा गुन्हा नव्हे. मेल रांगेत थांबेल, उशिरा तपासला जाईल. सुटतो का? प्रत्येक मेलला किती वेळ लागला तेही लॉगमध्ये येतं. एरवी ४ ते ६ सेकंद, लोंढ्यात १६, १७, १७, १८. आणि मग मास्टर डॉट सीएफमधली ती ओळ नीट वाचली. स्पॅमसीच्या पुढे -टी ३०. स्पॅमडीने ३० सेकंदांत उत्तर दिलं नाही तर वाट बघणं सोडायचं. मुळातला आकडा ६०० सेकंद आहे. ३० कुणी केला? फाइलीत टिपण आहे, माझ्याच नावाची आद्याक्षरं, २०२२ साल: 'मेल उशिरा येतात, तक्रार'.

त्याच ओळीत -एफ. हा पर्याय म्हणतो: काही बिघाड झाला तर मेल अडवू नका, आहे तसा पुढे जाऊ द्या. तो लिहिला नाही तरी स्पॅमसीचा स्वभाव तोच आहे.

आता हिशेब कागदावर. पोस्टफिक्स एका ठिकाणी जाणारे मेल एका वेळी जास्तीत जास्त २० सोडतो. म्हणजे २० स्पॅमसी एकदम उभे. पोरं पाच. पहिले पाच मेल १७ व्या सेकंदाला शिक्का घेऊन बाहेर. पुढचे पाच तेव्हा सुरू होतात, त्यांचं काम ३४ व्या सेकंदाला संपणार. पण ३० व्या सेकंदाला सगळ्या उरलेल्या पंधरा स्पॅमसींचा धीर सुटतो. पंधराच्या पंधरा मेल जसेच्या तसे आत. वीसातले पाच तपासलेले, पंधरा सुटलेले, आणि कोणता कुठल्या गटात पडेल हे फक्त रांगेतल्या जागेवर. काकांचा पार्सलवाला मेल पहिल्या पाचांत होता, मॅडमचा नव्हता. डुलकी वगैरे काही नाही.

दुपारी ताईंना विचारलं, मेल तुकड्या-तुकड्यांनी सोडता येतील का? "येतील की, पण मग जेवायला कधी जाऊ?" बरोबर आहे. माझ्या ३० सेकंदांची भरपाई त्यांनी का करायची?

१६ ऑगस्ट, शुक्रवार

-टी ३० काढून टाकणं सोपं आहे. पण एक मेल तपासायला १७ सेकंद लागतातच का, हा खरा प्रश्न. मशीन तर निवांत आहे, प्रोसेसर दहा टक्क्यांवरही जात नाही. मग तो वाट बघतोय. कुणाची?

डीएनएसची, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेची. स्पॅमअसॅसिन मेल आणून देणाऱ्या मशीनचे आणि मजकुरातल्या लिंकांचे पत्ते काळ्या याद्यांत शोधतो आणि हे शोधणं डीएनएसच्या प्रश्नोत्तरांतूनच होतं. उत्तर येईना तर मुळात १५ सेकंद थांबायची मुभा आहे. १५ अधिक बाकीचं काम दोन सेकंद. सतरा.

सर्व्हर ज्याच्याकडून भाड्याने घेतला आहे त्याचाच सामाईक नामशोधक, म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारून उत्तर आणणारा सर्व्हर, आपण वापरत होतो. तो लोंढ्यात गळपटतो. आणि दुसरं, जे मला हेडर वाचताना आधीच दिसायला हवं होतं: शिक्का असलेल्या कित्येक मेलांत 'यूआरआयबीएल ब्लॉक्ड' ही नोंद. हा स्पॅमचा नियम नाही. यादीवाले आपल्याला सांगताहेत की तुमच्या नामशोधकाकडून फार प्रश्न येतात, आम्ही उत्तर देणार नाही. सामाईक नामशोधकामागे हजारो गिऱ्हाइकं, यादीवाल्याला ती सगळी एकच व्यक्ती वाटते. स्पॅमहाउस हा दुसरा यादीवालाही सार्वजनिक नामशोधकांना दाद देत नाही, उलट १२७.२५५.२५५.२५४ असं खुणेचं उत्तर पाठवतो. म्हणजे तपासलेले मेलही आपण अर्ध्या डोळ्यांनीच तपासत होतो. मॅडमचा ३.९ वाला औषधांचा मेल यादी लागली असती तर पाचाच्या वर गेला असता असं मला वाटतं. त्या दिवशीचं उत्तर आता मिळायचं नाही.

अनबाउंड नावाचा नामशोधक बसवला, स्वतःच्या मशीनवर, कुणाकडे न ढकलता थेट मुळापासून शोधणारा. कुठला नामशोधक वापरायचा ते जिथे लिहिलेलं असतं त्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.१, म्हणजे स्वतःच्याच मशीनचा पत्ता, लिहिला. पहिल्या तासाभरानंतर सरासरी १.८ सेकंद.

आजचा अकराचा लोंढा: अक्षरं 'बीबीबीआय'च्या पुढे गेली नाहीत. सुटलेले शून्य.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा, ऑफिस अर्धं रिकामं. बरं झालं.

ते तीन विखुरलेले मेल. तिन्हींच्या वेळी लॉगमध्ये एखादाच मेल दीड-दोन मिनिटं खातो, आणि त्यात डीएनएसचा दोष दिसत नाही. हे बेझच्या वहीचं काम. बेझ म्हणजे शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणारा भाग. स्पॅमअसॅसिन पाहिलेल्या मेलांतले शब्द साठवतो, साठा दीड लाख तुकड्यांपलीकडे गेला की जुने काढून टाकतो, आणि ही साफसफाई कुठल्या तरी दुर्दैवी मेलच्या तपासणीतच उरकून घेतो. बारा तासांत फार तर एकदा. ज्याच्या वाट्याला येईल तो ३० सेकंदांत परत येणं शक्यच नाही. आपोआप साफसफाई बंद केली, पहाटे चारला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या प्रोग्राममधून, सक्तीने करायला लावली.

जाता जाता दिसलं की नियमांची रोजची सुधारणा आणणारा टायमर बंदच आहे. चालू केला. याचं महत्त्व ज्यांना वाटत नाही त्यांनी १ जानेवारी २०१० आठवावा. 'तारीख फार पुढची' असा एक जुना नियम होता, त्यात २०१० आणि पुढची सालं भविष्य म्हणून धरलेली होती. नवं वर्ष उजाडलं आणि जगभरच्या अगदी सभ्य मेलांना फुकटचे गुण चिकटू लागले. ज्यांच्याकडे सुधारणा येत होत्या त्यांचं लगेच निस्तरलं.

२१ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा! ११:०४ ला 'बीबीबीबीबी'. सुटलेले ११.

काल रात्री कर्नलच्या सुधारणेसाठी सर्व्हर पुन्हा चालू केला होता. उठताना डीएचसीपीने, म्हणजे मशीनला नेटवर्कची सेटिंग आपोआप देणाऱ्या व्यवस्थेने, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ पुसून भाडेवाल्याचा नामशोधक परत लिहिला. अनबाउंड बिचारा चालू होता, त्याला कुणी विचारतच नव्हतं.

त्या फाइलीच्या भरवशावर राहणं सोडलं. स्पॅमअसॅसिनच्या लोकल डॉट सीएफमध्येच नामशोधकाचा पत्ता लिहिला. मग दुपारी चहाच्या वेळी सर्व्हर मुद्दाम पुन्हा बंद-चालू करून पाहिला. दुरुस्ती केल्यावर मशीन एकदा बंद-चालू करायचंच, हे मी इतरांना सांगत असतो.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आता -एफ. उद्या स्पॅमडी कोसळला, तर सगळेच मेल सुटतील आणि पुन्हा मॅडमच्या फोनवरूनच मला कळेल. हे नको.

-एफच्या विरुद्ध -एक्स: बिघाड झाला तर मेल पुढे सोडू नका, बिघाड सांगणारा आकडा घेऊन बाहेर पडा. स्पॅमडी बंद करून हाताने करून पाहिलं. तीन वेळा प्रयत्न, मधे एकेक सेकंद, मग बाहेर, आकडा ६९. इथे जपायला हवं. पोस्टफिक्सच्या लेखी ६९ म्हणजे 'सेवा नाही', आणि तो मेल पाठवणाऱ्याकडे परत पाठवतो, कायमचा. ७५ म्हणजे 'आत्ता जमत नाही', तेव्हा मेल रांगेत राहतो आणि काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न होतो. -एक्सच्या जोडीला मोठा एक्स दिला की स्पॅमसी ६९ च्या जागी ७५ देतो. हा मोठा एक्स माहीत नसताना नुसता छोटा लावणारा माणूस स्पॅम थांबवायला जाऊन लेखकांचे मेल परत पाठवत बसेल.

मी मात्र मधे एक छोटी शेल स्क्रिप्टच घातली. तिने आधी आकार बघायचा. ३ एमबीहून मोठा असेल तर मेलच्या डोक्यावर आपली स्वतःची ओळ लिहायची, 'तपासणी: मोठा, सोडला', आणि पुढे द्यायचा. लहान असेल तर स्पॅमसीचं उत्तर तात्पुरत्या फाइलीत घ्यायचं, आणि उत्तर नीट आलं नाही तर कुठलाही आकडा असो, स्वतः ७५ म्हणून बाहेर. -टी आता १२०.

महत्त्वाचा बदल माझ्या मते तात्पुरत्या फाइलीचा नाही, त्या एका ओळीचा आहे. मोठा मेल अजूनही सुटतोच. पण आता तो सुटल्याचं सांगून सुटतो, आणि सीव्हला ती ओळ वाचता येते: अनोळखी पाठवणारा, मोठा मेल, तर 'बघून उघडा' फोल्डर.

२६ ऑगस्ट, सोमवार

चाचणीचा दिवस. जीट्यूब नावाची ६८ अक्षरांची एक ठरलेली ओळ असते. ती मजकुरात दिसली की स्पॅमअसॅसिन सरळ १,००० गुण देतो. खरा स्पॅम न शोधता फिल्टर जागा आहे का ते कळतं. एकेका वाटेने एकेक मेल पाठवला: बाहेरून साधा, पकडला. काकांच्या जुन्या पत्त्यावरून, पकडला. २ एमबीची फाइल जोडून, पकडला, ७ सेकंद. ६ एमबीची फाइल जोडून, 'मोठा, सोडला' ओळीसह 'बघून उघडा'त. स्पॅमडी बंद करून, रांगेत थांबला. स्पॅमडी चालू केल्यावर सहा मिनिटांनी आला, पकडलेला.

२९ ऑगस्ट, गुरुवार

काका टेबलाशी. "बँकेचा ओटीपी मेल येईपर्यंत ओटीपी मरून जातो."

लॉग बघितला. पहाटेची साफसफाई आज लांबली, त्यातच स्पॅमडीने नवे नियम घेऊन स्वतःला पुन्हा चालू केलं, ९:४० ला दोन मेल ७५ घेऊन रांगेत गेले. पोस्टफिक्स मुळात पाच मिनिटांच्या आत पुन्हा हात लावत नाही. ओटीपीचं आयुष्य तेवढंही नाही.

तर -एफ लिहिणाऱ्यांचंही काही म्हणणं होतं. मेल अडकण्यापेक्षा स्पॅम आलेला बरा, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि काकांना विचारलं तर तेही हेच म्हणतील. मॅडमना विचारलं तर उलट. मधला मार्ग: पोरांची कमाल संख्या ५ वरून ८, एक पोर ९० एमबीच्या आसपास खातं म्हणून त्याहून जास्त नाही. नियमांची सुधारणा आणि साफसफाई दोन्ही पहाटे तीनच्या आधी. आणि बँकेच्या मेलची डीकेआयएम सही (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे सांगणारी) खरी निघाली तर गुणांत सूट द्यावी अशी काकांची मागणी. त्यांना समजावलं की सूट गुणांत मिळते, रांगेत नाही. पटलं की नाही कळलं नाही. "तुम्ही करा काय ते," म्हणाले.

५ सप्टेंबर, गुरुवार

२९ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, तीच स्क्रिप्ट. एकूण २,०७२. बिनशिक्क्याचे ८, आठही सर्व्हरचे स्वतःचे. 'मोठा, सोडला' २३, सगळे आर्टवर्क. काल बुधवारचा लोंढा ११:०१ ते ११:०४, सगळ्यांवर शिक्का, जास्तीत जास्त वाट ४ सेकंद.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. निघताना मॅडमचा मेल, विषय 'हा बघा, परत आला'. या वेळी फॉरवर्ड न करता फाइलच जोडलेली, शिकल्या. नव्या कोऱ्या डोमेनवरून गुंतवणुकीचं आमिष, अस्खलित मराठीत, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. आवृत्तीची ओळ आहे, याद्यांची उत्तरं आलेली आहेत, १.६ सेकंद, गुण ३.२.

चुकला. बेझच्या स्पॅम ढिगात घातला आणि मॅडमना तसं कळवलं.